विरार : लोकलच्या टोकाला वाढलेले शहर

चर्चगेट स्थानकातील इंडिकेटरवर विरारचे नाव झळकले की फलाटावरील गर्दीची हालचाल बदलते. बॅगा छातीशी येतात, दाराजवळ उभे राहणाऱ्यांच्या जागा ठरतात आणि नवख्या प्रवाशाला दोन पावले मागे सरण्याचा सल्ला मिळतो. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी सेवेचे अनेक दशके अखेरचे ठरलेले हे स्थानक चर्चगेटपासून साधारण ६० किलोमीटरवर आहे. मुंबईत नोकरी आणि मुंबईबाहेर घर ही तडजोड ज्या लाखो कुटुंबांनी स्वीकारली, त्यांच्यातील मोठा वर्ग गेल्या चार दशकांत वसई तालुक्यात स्थिरावला. विरार, नालासोपारा, वसई रोड आणि नायगाव या चार स्थानकांभोवती वाढलेली वस्ती आज एका महापालिकेच्या अखत्यारीत असून, महामुंबईतील स्वस्त घरांची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिची ओळख आहे. या बाजारपेठेत घर घेतलेल्या प्रत्येकाच्या हाती मात्र सारख्याच मोलाची कागदपत्रे पडलेली नाहीत.

शूर्पारक, बसीन आणि बाजीपूर

उपनगर म्हणून विरारचे वय फार नसले तरी परिसर अतिशय प्राचीन आहे. आजचे सोपारा गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक. अपरान्ताचे हे बंदर पश्चिमेकडील देशांशी चालणाऱ्या व्यापारासाठी ज्ञात होते आणि ग्रीक व्यापाऱ्यांच्या प्रवासवर्णनातही त्याचा उल्लेख येतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातील 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा तेथे बौद्ध स्तूप आढळला. स्तूपाच्या गाभ्यातील दगडी पेटीत अवशेष व बुद्धमूर्ती मिळाल्या. त्याच सुमारास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही हाती लागला. नवव्या शिलालेखाचा भाग १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे सापडला. आज हा स्तूप इमारतींनी वेढला असून, स्थानकातून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना त्याचा पत्ताही सांगता येणार नाही.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. मुंबईची सात बेटेही याच तहात त्यांच्याकडे गेली. पुढील दोनशे वर्षे वसई हे त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे प्रमुख ठाणे होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला आणि काही काळ वसईचे नाव बाजीपूर झाले. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही याच गावी. किल्ला, चर्च, आगाशी-अर्नाळ्याची बंदरे, वाडवळ व सामवेदी समाजाच्या बागायती, कोळीवाडे आणि पूर्वेकडील डोंगरांतील आदिवासी पाडे असा हा प्रदेश होता. सामवेदी बोली आणि येथील ख्रिस्ती समाजाचे मराठीपण ही आजही वसईची ठळक वैशिष्ट्ये मानली जातात.

पश्चिमेकडील पट्ट्याची अर्थव्यवस्था पाण्यावर उभी होती. वाड्यांमध्ये 'बावखल' म्हणून ओळखली जाणारी गोड्या पाण्याची तळी होती. पावसाचे पाणी त्यांत साठे व विहिरींना पुरे. त्या बळावर केळी, विड्याची पाने, भाजीपाला व फुले पिकत. राजेळी केळी वाळवून केलेली वसईची सुकेळी प्रसिद्धच आहेत. पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात फुले आणि भाजी नेणारे शेतकरी हेच या मार्गावरील पहिले खरे 'रोजचे प्रवासी' म्हणावे लागतील.

एक गाडी सकाळी, एक संध्याकाळी

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग सुरतेकडून मुंबईच्या दिशेने बांधला गेला आणि १८६४ मध्ये तो ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाकाठी जाताना एक आणि येताना एक, एवढीच ती सेवा होती. पश्चिम मार्गावरील उपनगरी वाहतुकीचा आरंभ म्हणून हा दिवस सांगितला जातो. म्हणजे उपनगरी गाडी आधी आली आणि उपनगर वसायला त्यानंतर शंभर वर्षे जावी लागली.

विजेवरील गाड्या १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत धावू लागल्या. तरीही वसईची खाडी ही मनातली सीमारेषा कायम होती. भाईंदरपर्यंत मुंबई आणि खाडीपलीकडे गाव, अशी समजूत पुढे चाळीस वर्षे टिकली. तिला धक्का दिला तो मुंबईतील जागांच्या भावांनी. भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे बंद झाले होते. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्यानंतर मुंबईतील मोकळ्या जमिनी अडकून पडल्या. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचा आर्थिक कणाच मोडला. लालबाग-परळच्या खोलीत मावेनासे झालेले कुटुंब, खोली विकून आलेले पैसे, भविष्यनिर्वाह निधी आणि पतपेढीचे कर्ज घेऊन आधी बोरिवली-दहिसरला, मग भाईंदरला आणि तेथेही परवडेना तेव्हा खाडी ओलांडून नालासोपारा-विरारला आले. कोकणातील रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांशी नाते असलेल्या कुटुंबांचे प्रमाण या पहिल्या लाटेत मोठे होते. त्यानंतर गुजराती आणि उत्तर भारतीय कुटुंबांची भर पडत गेली.

लोकसंख्या वाढली, रूळ मात्र तेवढेच राहिले. बोरिवलीच्या पुढे उपनगरी गाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या या सर्वांना मिळून दोनच मार्ग होते. चौपदरीकरणाचे काम २००७ मध्ये पूर्ण झाल्यानंतर फेऱ्या वाढवता आल्या. २००९ मध्ये या मार्गावर पंधरा डब्यांची गाडी आली. एप्रिल २०१३ पासून उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत वाढली, त्यामुळे विरार हे तांत्रिकदृष्ट्या शेवटचे स्थानक राहिले नाही. पण बहुतांश गाड्या आजही येथूनच सुटतात व येथेच संपतात. जलद गाडीलाही चर्चगेट गाठण्यास सव्वा तासाहून अधिक लागतो. घर ते कार्यालय हा संपूर्ण प्रवास धरल्यास दिवसाचे चार तास सहज खर्ची पडतात. 'विरार फास्ट'मध्ये बोरिवलीला उतरू पाहणाऱ्या प्रवाशाला दाराकडे वाट न देण्याची दांडगाई याच मार्गावर रूढ झाली आणि तिच्यावरून हाणामाऱ्याही झाल्या. तिचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र बोरिवलीकराला दुसऱ्या गाड्या आहेत आणि विरारकराला नाहीत, हा त्यामागील हिशेब समजून घेतल्याशिवाय या शहराचा स्वभावही समजत नाही.

हिरवा पट्टा आणि 'हरित वसई'

घरांची मागणी वाढू लागली तेव्हा वसई तालुक्यातील बरीचशी जमीन प्रादेशिक आराखड्यात हरित पट्ट्यात होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शासनाने या क्षेत्रातील मोठा भाग नागरीकरणासाठी खुला करण्याचा निर्णय घेतला. तालुक्याच्या इतिहासात त्याइतका दूरगामी परिणाम करणारा निर्णय दुसरा झाला नसावा. एकरांनी मोजल्या जाणाऱ्या भातशेतीचा भाव चौरस फुटांत बोलला जाऊ लागला. जमीन विकणारे, विकत घेणारे आणि विकायला लावणारे अशी तीन वर्गांची विभागणी झाली. १९८९ मध्ये नालासोपारा स्थानकात एका बांधकाम व्यावसायिकाची गोळ्या झाडून हत्या झाली, तेव्हा जमिनीच्या या व्यवहारांभोवती दहशतीचे केवढे जाळे विणले गेले आहे, हे साऱ्या राज्याला कळले.

याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक असलेले दिब्रिटो पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. समितीच्या मोर्चांमध्ये ख्रिस्ती आणि हिंदू गावकरी, विशेषतः स्त्रिया, हजारोंच्या संख्येने उतरल्या. विरोध केवळ इमारतींना नव्हता. नव्या वसाहतींना पुरवण्यासाठी पश्चिमेच्या गावांतील विहिरींमधून टँकर भरले जात होते. उपसा वाढला की किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारे पाणी शिरते आणि वाडी मरते, हे शेतकऱ्याला कोणत्याही अहवालाशिवाय ठाऊक होते.

१९९० मध्ये शासनाने वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती केली. नवी मुंबईत सिडकोकडे जमीन होती. येथे तिच्याकडे फक्त नकाशा होता. खासगी मालकीच्या जमिनीवर आरक्षणे टाकायची आणि बांधकामांना परवानगी द्यायची, एवढ्यापुरतीच तिची भूमिका राहिली. विकास आराखड्याला अंतिम मंजुरी मिळेपर्यंत २००७ साल उजाडले. शाळा, मैदान, रुग्णालय, मलनिस्सारण केंद्र यांसाठी आराखड्यात राखलेल्या भूखंडांपैकी कित्येकांवर तोवर बांधकामे झालेली होती. नव्वदच्या दशकात घर घेतलेल्या कुटुंबाला आराखडा पाहायचा म्हटला असता, तरी अंतिम असे काही दाखवण्याजोगे नव्हते, ही बाब या शहराविषयी मत बनवताना विसरता येत नाही.

पश्चिमेकडील हरित पट्टा मात्र सर्वस्वी नाहीसा झाला नाही. आगाशी, अर्नाळा, गास, निर्मळ, भुईगाव या बाजूला गेल्यास आजही वाड्या दिसतात. आंदोलन झाले नसते तर त्या दिसल्या असत्या का, याचे उत्तर रेल्वेच्या पूर्वेकडे पाहिल्यावर मिळते.

पाणी : भावाचे खरे परिमाण

मुंबईत घराचा भाव स्थानकापासूनच्या अंतरावर ठरतो. विरारमध्ये त्याला पाण्याची जोड असते. फुलपाड्याजवळचे छोटे पापडखिंड धरण, तसेच पेल्हार आणि उसगाव ही धरणे वाढत्या वस्तीला पुरणारी नव्हती. नव्वदच्या दशकात नव्या सोसायट्यांचे अर्धेअधिक जीवन टँकरच्या वेळापत्रकावर चालत असे. मासिक देखभाल खर्चात टँकरचा खर्च हा सर्वांत मोठा आकडा असे. सूर्या नदीवरील धामणी धरणातून आणलेल्या पाण्याने स्थिती सुधारली, परंतु लोकसंख्या प्रत्येक टप्प्याच्या पुढेच धावत राहिली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने त्यानंतर ४०३ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेची सूर्या प्रादेशिक योजना हाती घेतली. त्यातील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी व २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी आहे. वसई-विरारचा पुरवठा २०२३ च्या अखेरीस सुरू झाला.

पाण्याचा आणि घरांच्या विक्रीचा संबंध किती थेट आहे, याचे ठळक उदाहरण खासगी विकासकांचे नसून म्हाडाचे आहे. विरार-बोळींज येथे म्हाडाच्या कोकण मंडळाने सुमारे दहा हजार घरांचा प्रकल्प उभारला. मुंबईत म्हाडाच्या एका घरामागे शेकड्यांनी अर्ज येत असताना येथील हजारो घरे सोडतीमागून सोडती काढूनही पडून राहिली. पाणी पुरेसे नाही, ही तक्रार त्यामागे प्रामुख्याने होती. सूर्याचे पाणी आल्यानंतर 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' या तत्त्वावर ही घरे विकली जाऊ लागली.

पाण्याचा दुसरा प्रश्न पावसाळ्यातला. भातखाचरे, खाजण आणि मिठागरे ही या सखल प्रदेशाची नैसर्गिक साठवण होती. त्यांवर भराव झाल्यावर पाण्याने रस्ते आणि रूळ धरले. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पट्टा कित्येक दिवस पाण्याखाली होता. रूळ बुडाल्याने गाड्या थांबल्या, तळमजल्यावरील संसार भिजले, अनेक वसाहतींत वीज नव्हती. महापालिकेने त्यानंतर 'नीरी' आणि मुंबई आयआयटीच्या तज्ज्ञांकडून पूरस्थितीचा अभ्यास करून घेतला. घर पाहायला मे महिन्यात येणाऱ्या ग्राहकाने एक फेरी जुलैतही मारावी, असे येथील जुने रहिवासी सांगतात, ते उगाच नव्हे.

चार नगर परिषदांची महापालिका

विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगर परिषदा व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महापालिका स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत विरारची लोकसंख्या सुमारे १ लाख १९ हजार, नालासोपाऱ्याची १ लाख ८४ हजारांच्या पुढे, नवघर-माणिकपूरची १ लाख १७ हजारांच्या आसपास आणि वसईची ४९ हजार होती. २०११ मध्ये महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजार नोंदली गेली. दुसऱ्या आकड्यात गावांचाही समावेश असल्याने तुलना काटेकोर नाही, तरी वाढीचा वेग लक्षात यावा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात गेला.

गावांचा महापालिकेला विरोध होता. घरपट्टी वाढेल आणि वाड्या बांधकामांखाली जातील, ही भीती त्यामागे होती. २९ गावे वगळण्याचा प्रश्न दीर्घकाळ न्यायालयात रेंगाळला. लोकनियुक्त सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपल्यानंतर साडेपाच वर्षे प्रशासकांचाच कारभार चालला. पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली.

खोली, वन रूम किचन आणि टॉवर

येथील घरांचे तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर ऐंशी-नव्वदच्या दशकांतील तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या इमारतींचा. लिफ्ट नाही, वाहनतळ नाही, बहुतांश घरे वन रूम किचन. स्थानकापासून चालत जाता येईल, हे त्यांचे मुख्य आकर्षण. यांतील अनेकांना ग्रामपंचायतीची परवानगी होती आणि ती ग्राहकालाही पुरेशी वाटत असे. दुसरा थर दोन हजारोत्तर काळातला. गृहकर्ज सुलभ झाले. गृहकर्जाच्या व्याजावरील आयकर वजावटीची मर्यादा १९९९ ते २००१ या काळात ३० हजारांवरून दीड लाख रुपयांपर्यंत वाढली आणि नोकरदारांच्या मागणीचे स्वरूप बदलले. 'वन बीएचके' हा शब्द घरोघरी गेला. विरार पश्चिमेला ग्लोबल सिटीसारखी मोठी नगरे व टॉवर उभे राहिले, तो तिसरा थर. जलतरण तलाव, क्लब हाउस आणि बागा असलेल्या या संकुलांमुळे 'विरारला राहतो' असे सांगताना येणारा जुना संकोच कमी झाला. स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची वाहतूक मात्र याच संकुलांमुळे सकाळ-संध्याकाळ ठप्प असते.

या तिन्हींच्या बाजूला चौथा बाजार आहे, तो म्हणजे पूर्वेकडील चाळी आणि अनधिकृत इमारतींचा. त्याचे दर पत्रकांत छापले जात नाहीत.

शिक्के, नोटरी आणि हातोडा

अनधिकृत इमारत स्वस्त का पडते, हे समजणे कठीण नाही. विकासकाला शुल्क भरावे लागत नाही, चटई क्षेत्राची मर्यादा नसते, मोकळी जागा सोडावी लागत नाही आणि जमीन बहुधा त्याची नसतेच. ती सरकारी, वनखात्याची, आदिवासींची किंवा सार्वजनिक प्रयोजनासाठी आरक्षित असते. व्यवहार अनेकदा मुद्रांक कागदावर नोटरीसमोर उरकला जातो. ग्राहकाला वीजजोडणी मिळते, महापालिकेची घरपट्टीची पावतीही येते आणि घर कायदेशीर झाल्याचा समज पक्का होतो. वस्तुतः घरपट्टी आकारली म्हणून अनधिकृत बांधकाम नियमित होत नाही.

ज्यांनी कागदपत्रे मागितली, तेही सुटले नाहीत. २०२३ मध्ये विरार पोलिसांनी उघड केलेल्या प्रकरणात पन्नासहून अधिक इमारतींसाठी बनावट परवानग्या तयार झाल्याचे समोर आले. शासकीय कार्यालयांचे शिक्के आणि अधिकाऱ्यांची लेटरहेड यांची नक्कल करून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रे बनवली गेली होती. ग्राहकांनी त्या आधारे घरे घेतली आणि कर्जेही काढली.

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी परिसरातील प्रकरण याहून मोठे. मलनिस्सारण केंद्र आणि क्षेपणभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या होत्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली पाडकामाची कारवाई फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. परीक्षांच्या तोंडावर मुलांची दप्तरे आणि गॅसच्या शेगड्या रस्त्याच्या कडेला मांडलेल्या राज्याने पाहिल्या. या प्रकरणाच्या तपासात मे २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने वसई-विरार आणि हैदराबाद येथे छापे घातले. महापालिकेच्या नगररचना विभागातील अधिकाऱ्याच्या ठिकाणी कोट्यवधींची रोकड व दागिने सापडल्याचे यंत्रणेने जाहीर केले.

त्यानंतर तीन महिन्यांनी, २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, विरार पूर्वेतील विजय नगर भागातील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग कोसळला. सतरा जणांचा मृत्यू झाला. त्या रात्री एका घरात चिमुकलीचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. इमारत जुनाट म्हणावी अशीही नव्हती. ती उभी राहून दीड दशकही लोटले नव्हते. अरुंद गल्लीमुळे जड यंत्रे आत नेणे अवघड गेले आणि बचावकार्य दीड दिवसाहून अधिक काळ चालले. अनधिकृत बांधकामात मोकळी जागा सोडली जात नाही, या वाक्याचा अर्थ असा होता.

ग्राहकाने काय पाहावे

इमारतीच्या जमिनीचा सातबारा उतारा, बिनशेती आदेश, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजेच बोलीभाषेतील 'सीसी', आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच 'ओसी', ही चार कागदपत्रे मूलभूत होत. विकासकाने दाखवलेली छायाप्रत पुरेशी नाही. महापालिकेच्या नगररचना विभागात क्रमांक देऊन तिची पडताळणी करावी लागते आणि माहिती अधिकारात ती मागताही येते. सर्वे क्रमांकावर विकास आराखड्यात कोणते आरक्षण आहे, हेही तेथेच कळते. अग्रवाल नगरीतील खरेदीदारांनी हा एक प्रश्न विचारला असता तर काय झाले असते, असे म्हणणे सोपे आहे. तो विचारायचा असतो हे सांगणारे तेथे कोणी नव्हते.

मे २०१७ पासून महारेरा अस्तित्वात आले. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक झाली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि विक्री चटई क्षेत्रावरच करावी लागते. 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली जिना आणि गच्चीचे पैसे घेण्याचा प्रकार त्यामुळे बराच आटोक्यात आला. परंतु महारेरा नोंदणी क्रमांक असणे म्हणजे सर्व परवानग्या खऱ्या आहेत, असा अर्थ होत नाही. बनावट प्रमाणपत्रांच्या आधारे असे क्रमांक मिळवल्याची प्रकरणे महामुंबईत उघडकीस आली आहेत.

जागेचे भाव पुढे कोठे जातील, याविषयी विक्रेते नेहमीच आशावादी असतात आणि त्यांच्याकडे दाखवण्यासारखी यादीही आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक विरारजवळ आहे. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिका, बोरिवली-विरार पाचवी व सहावी मार्गिका आणि विरार-डहाणू चौपदरीकरण हे प्रकल्प वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराचे नावही जाहिरातींत येऊ लागले आहे. वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि विरार-जलसार रो-रो सेवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. बाकीच्यांपैकी कोणता प्रकल्प केव्हा पूर्ण होईल, यावर आजचा भाव मोजावा का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. चौपदरीकरणाची वाट पाहण्यात विरारकरांची एक पिढी गेली.

जुन्या इमारतींपुढे सध्या निराळाच पेच आहे. स्थानकाजवळच्या तीन-चार मजली इमारतींचे प्लास्टर गळू लागले असून रहिवाशांना पुनर्विकास हवा आहे. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने वाढीव चटई क्षेत्राची आणि समूह विकासाची वाटही दाखवली आहे. पण जमीन सोसायटीच्या नावावर नाही. १९६३ च्या ओनरशिप फ्लॅट्स कायद्यानुसार विकासकाने अभिहस्तांतरण करून द्यायला हवे होते. असंख्य प्रकरणांत ते झालेच नाही. सातबारावर आजही मूळ शेतकऱ्याचे किंवा त्याच्या वारसांचे नाव आहे आणि विकासकाची भागीदारी संस्था केव्हाच विसर्जित झालेली आहे. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद केली, त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत सदनिकांची नोंदणीकृत करारपत्रे, इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र किंवा त्याऐवजी स्वप्रतिज्ञापत्र मागितले जाते. ग्रामपंचायतीच्या काळातील इमारतीचा मंजूर नकाशा शोधताना सोसायटीचे सचिव आधी महापालिकेत, तेथून सिडकोकडे आणि शेवटी ज्या ग्रामपंचायतीचे अस्तित्व २००९ मध्येच संपले, तिच्या जुन्या दप्तराकडे जातात.